अडीच शिलिंगांचा डोंगर

दुपारची भांडी झाली असतील, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या.

आज मी तुम्हाला एका डोंगराची गोष्ट सांगणार आहे. डोंगर आपल्याकडचा नाही, इंग्लंडातला आहे. मी तिथे गेलेली नाही. वाचून, फोटो आणि चित्रफिती बघून त्याची ओळख झाली. तुम्ही म्हणाल, आपल्या दाराशी एवढे डोंगर असताना साता समुद्रापलीकडचा कशाला? कारण तो डोंगर सगळ्यांचा कसा राहिला, ही गोष्ट बचतगटाच्या बाईला जितकी चटकन कळेल तितकी दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

डोंगराचं नाव कॅटबेल्स. इंग्लंडच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा भाग आहे. लेक म्हणजे तळं. नावाप्रमाणेच तिथे डोंगरांच्या मधोमध लांबच लांब तळी पसरलेली आहेत. त्यातल्या एका तळ्याचं नाव डर्वेंटवॉटर. तळ्याच्या एका टोकाला केझिक नावाचं बाजाराचं गाव आणि पश्चिमेच्या काठावर हा कॅटबेल्स. कॅट म्हणजे मांजर. पूर्वी तिथे रानमांजरांचा आसरा होता, त्यावरून हे नाव पडलं असावं, असं म्हणतात.

उंची किती? फक्त ४५१ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण बाई ठेंगणी असली म्हणून तिचा रुबाब कमी असतो का? तसंच आहे हे. केझिकहून छोट्या बोटीत बसायचं, तळं ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं आणि चढायला लागायचं. वाट आधी सरळ चढणीची, मग एक-दोन ठिकाणी खडकाला हात लावून चढावं लागतं. शाळेतली पोरंही चढतात, आजी-आजोबाही काठी टेकत चढतात. वर पोचलं की एका बाजूला खाली तळं आणि त्यातली झाडांनी भरलेली बेटं, दुसऱ्या बाजूला न्यूलँड्स नावाचं हिरवं खोरं आणि समोर उत्तरेला स्किडॉ नावाचा ९३१ मीटरचा मोठा डोंगर. शरद ऋतूत उतारावरचं नेचं वाळून तांबूस होतं, तेव्हा सगळा डोंगर गंज चढलेल्या तव्यासारखा दिसतो.

पाऊस मात्र विचारू नका. याच तळ्याच्या वरच्या खोऱ्यात सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडात माणसं राहतात अशा ठिकाणांपैकी सगळ्यात जास्त पाऊस तिथे पडतो, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, वर्षभर पडत राहतो.

फोटो बघून वाटतं, किती शांत, देवाने ठेवला तसाच ठेवलेला डोंगर! तसं नाही. हा राबलेला डोंगर आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी, एलिझाबेथ राणीच्या काळात, तांबं काढायला जर्मनीहून खाणकामगार इथे आणले होते. न्यूलँड्स खोऱ्यात त्यांनी डोंगर पोखरला. कॅटबेल्सच्या पोटातून आणि पायथ्यातून शिसं काढलं. जवळच्या सीथवेटच्या डोंगरात काळं शिसपेन्सिलीचं द्रव्य, ग्रॅफाइट सापडलं आणि त्यातून केझिकमध्ये पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. आपल्या पोरांच्या दप्तरातल्या पेन्सिलीच्या वंशावळीत हा मुलूख येतो बरं का! आणि शेकडो वर्षं या उतारांवर मेंढ्या चरत आल्या आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे डोंगरभर पसरले आहेत. ते कुणी तरी उचलून, रचून, पडले की पुन्हा रचून ठेवलेले आहेत.

आता गोष्टीच्या मुद्द्याकडे येते.

दीडशे वर्षांपूर्वी या भागात रेल्वे आली. रेल्वेबरोबर प्रवासी आले, प्रवाशांबरोबर पैसेवाले आले. तळ्याकाठच्या जमिनीला भाव आला. ज्याने जमीन घेतली तो बंगला बांधणार, भोवती कुंपण घालणार आणि पाटी लावणार, ‘आत येऊ नये’. जिथून पिढ्यानपिढ्या माणसं ये-जा करत होती, तिथे एक दिवस फाटकाला कुलूप. मैत्रिणींनो, हे चित्र तुमच्या ओळखीचं आहे की नाही?

केझिकजवळ लॅट्रिग नावाची एक टेकडी आहे. तिच्यावर जायची वाट जमीनमालकांनी बंद केली. गावातल्या लोकांनी वाटा वाचवण्यासाठी मंडळ काढलं. १ ऑक्टोबर १८८७ या दिवशी सुमारे दोन हजार माणसं जमली आणि मोर्च्याने टेकडीवर चढून गेली. प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि माथ्यावर जायचा लोकांचा हक्क मान्य झाला.

पण दर वेळी दोन हजार माणसं कुठून आणायची? आणि वाटेचा हक्क मिळाला तरी जमीन मालकाचीच. आज हा मालक, उद्या त्याचा मुलगा, परवा विकत घेणारा तिसराच कोणी. दर वेळी नवं भांडण. हा प्रश्न तीन माणसांना छळत होता. एक केझिकच्या चर्चचे पाद्री रॉन्स्ली. दुसरे रॉबर्ट हंटर, सार्वजनिक जमिनींचे खटले लढवणारे वकील. आणि तिसरी एक बाई, ऑक्टेव्हिया हिल. आडनावच हिल, म्हणजे टेकडी!

या बाईंविषयी थोडं जास्त सांगते, कारण आपल्या कामाशी त्यांचं जवळचं नातं आहे. त्या १८३८ साली जन्मल्या. वडिलांचं दिवाळं निघालं आणि घर आईवर पडलं. चौदा वर्षांच्या असताना ऑक्टेव्हिया एका कारखान्यात कामाला लागल्या. तिथे गरीब घरच्या मुली खेळणी बनवायच्या, त्यांच्यावर देखरेख करायचं काम यांच्याकडे. त्या मुली कुठल्या घरांत राहतात हे त्यांनी पाहिलं. अंधार, ओल, एका खोलीत सगळं कुटुंब. पुढे १८६५ साली लंडनमध्ये त्यांनी मोडकळीला आलेली तीन घरं ताब्यात घेतली. पैसे रस्किन नावाच्या लेखकाने घातले होते. घरं दुरुस्त केली, गरीब कुटुंबांना भाड्याने दिली आणि दर आठवड्याला भाडं गोळा करायला स्वतः दारोदार गेल्या. हळूहळू त्यांनी बायांची एक फळीच तयार केली. या बाया आठवड्याला घरोघरी जायच्या, भाडं घ्यायच्या, वहीत लिहायच्या, आणि गळकं छप्पर, आजारी मूल, गेलेली नोकरी याचीही विचारपूस करायच्या. आठवड्याची वसुली आणि त्यासोबत माणसाची चौकशी! हे ऐकताना आपल्या गटाची बैठक डोळ्यांसमोर येते की नाही?

त्या घरांत काम करताना ऑक्टेव्हियाबाईंना एक गोष्ट कळली. गरिबाला घर पाहिजे, पाणी पाहिजे, मजुरी पाहिजे, हे तर खरंच. पण त्याला मोकळी जागाही पाहिजे. जिथे तिकीट लागत नाही, जिथून कोणी हाकलत नाही, जिथे पोरं धावतील आणि बाई घटकाभर बसेल. श्रीमंताला स्वतःची बाग असते. गरिबाकडे सगळ्यांची म्हणून जी जागा असते तीच त्याची बाग. १८७५ साली लंडनमधलं एक मोठं कुरण वाचवण्यासाठी त्यांनी वर्गणी जमवायला घेतली. खूप धडपड केली, पण कुरण हाती आलं नाही. तिथे घरं उभी राहिली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की दर वेळी आग लागल्यावर विहीर खणून चालणार नाही. जमीन घेऊन ती लोकांच्या वतीने कायमची सांभाळणारी एक संस्था पाहिजे.

तशी संस्था १८९५ साली निघाली. तिचं नाव नॅशनल ट्रस्ट. संस्थेला पहिली जमीन मिळाली तीही एका बाईकडून. वेल्समधल्या बार्मथ गावच्या फॅनी टॅलबट यांनी समुद्राकडे बघणारा साडेचार एकरांचा उतार देऊन टाकला.

आणि मग आला कॅटबेल्सचा नंबर. कॅटबेल्सच्या पायथ्याशी, तळ्याला लागून, ब्रँडलहाऊ नावाची १०८ एकर झाडी आणि कुरण होतं. ते विकायला निघालं. बंगले होणार हे उघड दिसत होतं. एकदा तिथे कुंपणं पडली की तळ्याचा तो काठही गेला आणि डोंगराची वाटही गेली. किंमत होती सुमारे साडेसहा हजार पौंड, त्या काळी फार मोठी रक्कम. संस्था नवी, तिजोरी रिकामी. मग ऑक्टेव्हियाबाई आणि रॉन्स्ली यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. ओळखीच्यांना लिहिलं, अनोळखींना लिहिलं, वर्तमानपत्रांत लिहिलं. काही मोठ्या देणग्या आल्या. पण त्यांच्याबरोबर लहान लहान रकमाही आल्या, कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या.

त्यातल्या एका वर्गणीची आठवण अजून सांगितली जाते. शेफील्ड या कारखान्यांच्या शहरातून एका कामगाराने अडीच शिलिंग पाठवले आणि सोबत चिठ्ठी लिहिली. आयुष्यभर ती तळी बघायची इच्छा होती, आता काही बघणं होणार नाही, पण दुसऱ्यांसाठी ती राहावीत म्हणून माझा हातभार, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं.

अडीच शिलिंग म्हणजे एका पौंडाचा आठवा भाग. हिशेब करून बघा. नुसत्या अशाच वर्गणीतून साडेसहा हजार पौंड उभे करायचे तर ५२ हजार माणसं लागली असती. म्हणजे रकमेच्या हिशेबाने त्या कामगाराचे पैसे काहीच नव्हते. पण जो डोंगर आपण कधी बघणार नाही, त्यासाठी पोटाला चिमटा काढून पैसे द्यायचे, याची किंमत पौंडात कशी करणार? आपली म्हातारी आंब्याची कोय लावते तेव्हा ती आंबे स्वतःला मिळावेत म्हणून थोडीच लावते?

काही महिन्यांतच रक्कम उभी राहिली. १६ ऑक्टोबर १९०२ या दिवशी ब्रँडलहाऊ लोकांसाठी खुलं झालं. व्हिक्टोरिया राणीची मुलगी, राजकन्या लुईझ, उद्घाटनाला आली होती. त्या दिवशी वारा एवढा सुटला की मोठा मंडप फाटून गेला आणि सोहळा उघड्या आभाळाखाली करावा लागला! आपल्याकडेही मेळाव्याच्या दिवशी नेमका वळीव येतोच. राजकन्येने आणि संस्था काढणाऱ्या तिघांनी तिथे ओकची झाडं लावली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली जमीन. आज त्या भागातली जवळपास पाचवा हिस्सा जमीन संस्थेकडे आहे.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पैसे देऊन जमीन घेतली, पण उद्या संस्थेवर वाईट दिवस आले आणि कारभाऱ्यांनी ती विकली तर? हा प्रश्न वकील हंटर यांनी आधीच ओळखला होता. १९०७ साली संसदेत खास कायदा झाला. संस्थेने जी जमीन कायमची म्हणून जाहीर केली, ती संस्थेला स्वतःलाही विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. सरकारला पाहिजे असली तरी संसदेपुढे जावं लागतं. म्हणजे पुढच्या कारभाऱ्याच्या सद्बुद्धीवर भरवसा ठेवला नाही, कागद पक्का केला. मैत्रिणींनो, आपण ठराव लिहितो, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घेतो, तेव्हा कुणी तरी म्हणतंच, ‘आपसातलंच आहे, कशाला लिहायचं?’ आपसातलं असतं तेच आधी लिहून ठेवावं.

आता डोंगरावरच्या मेंढ्यांकडे वळते, कारण मेंढ्यांशिवाय हा डोंगर पुरा होत नाही. तिथल्या मेंढीची जात हर्डविक. जन्मतःच कोकरू काळंभोर असतं, वय वाढेल तसं अंग राखाडी होत जातं आणि तोंड पांढरं. अतिशय काटक. पाऊस, बर्फ, वारा, कशालाच ऐकत नाही. आणि या मेंढीचा एक गुण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. वरच्या मोकळ्या डोंगरावर गावांच्या कुरणांमध्ये कुंपण नसतं. सगळ्यांची सामाईक चराई असते. तरी प्रत्येक कळप आपापल्या भागातच चरतो. हे त्यांना कोण शिकवतं? आई. मेंढी कोकराला घेऊन आपल्या भागात फिरते. पाणी कुठे, वाऱ्यापासून आडोसा कुठे, हद्द कुठपर्यंत, हे ते कोकरू आईमागून चालत शिकतं. मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. म्हणून तिथे शेत बदललं तरी डोंगरावरचा कळप त्याच शेताबरोबर राहतो. कळप मोडला तर ते शहाणपण विकत मिळत नाही. २००१ साली जनावरांत लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली आणि रोग पसरू नये म्हणून हजारो मेंढ्या माराव्या लागल्या. तेव्हा मेंढपाळांना पैशाच्या नुकसानीइतकीच ही चिंता होती की डोंगर ओळखणाऱ्या आया गेल्या, आता नव्या मेंढ्यांना हद्द कोण शिकवणार?

मेंढी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलीच तर? त्यासाठी कानावरच्या आणि लोकरीवरच्या रंगाच्या खुणा ठरलेल्या असतात. कुणाची खूण कोणती याचं पुस्तकच दोनशे वर्षांपासून छापलं जातं. शरद ऋतूत मेंढपाळ एका ठिकाणी जमतात आणि चुकलेली मेंढरं ज्याची त्याला परत करतात. मेंढ्या मोजायचे त्यांचे जुने आकडेही निराळे, यान, टायन, टेदेरा, मेदेरा, पिंप. म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच. रात्री पोरांना शिकवा, हसतील!

या हर्डविक मेंढीला जपणारीही एक बाईच होती. तिचं नाव बिअट्रिक्स पॉटर. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं लिहिणारी जगप्रसिद्ध लेखिका. ती लंडनच्या श्रीमंत घरातली, उन्हाळ्यात घरच्यांबरोबर डर्वेंटवॉटरच्या काठी राहायला यायची. तिच्या १९०५ सालच्या एका पुस्तकात मिसेस टिगी-विंकल नावाची धोबीण आहे. हेजहॉग म्हणजे साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा काटेरी प्राणी, तीच ही धोबीण. तिच्या घराचं दार कुठे आहे? कॅटबेल्सच्या कुशीत! ती सगळ्या प्राण्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून ज्याचे त्याला पोचवते.

त्याच वर्षी बिअट्रिक्सबाईंनी पुस्तकांच्या कमाईतून लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहिलं शेत घेतलं. मग पुस्तकं कमी होत गेली आणि शेती वाढत गेली. दागिने घेतले नाहीत, शेतं घेतली. जे शेत तुकडे पडून बंगल्यांसाठी जाण्याची भीती, ते घ्यायचं. मेंढ्यांची पारख अशी की प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलवायचे. १९४३ साली त्या वारल्या, तेव्हा चार हजारांहून जास्त एकर जमीन आणि चौदा-पंधरा शेतवाड्या त्यांनी नॅशनल ट्रस्टला देऊन टाकल्या. अट घातली की तिथे हर्डविक मेंढ्या राहिल्या पाहिजेत. नुसती जमीन राहून भागणार नाही, तिच्यावर जगणारं कष्टाचं जगणंही राहिलं पाहिजे, हे त्यांना समजलं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. डोंगर सगळ्यांचा झाला, म्हणून सगळे आले. लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आसपास आणि वर्षाला येणारे पाहुणे एक कोटीच्याही वर. कॅटबेल्स सोपा आणि देखणा, म्हणून त्याच्यावर झुंबड. लाखो पायांनी वाट झिजते, गवत जातं, माती उघडी पडते, मग पावसाचं पाणी त्याच वाटेने धावतं आणि वाटेची घळ होते. पायथ्याच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घरं घेतली, त्यामुळे घरांच्या किमती चढल्या आणि गावातल्याच तरुण जोडप्याला गावात घर परवडेना. मेंढपाळाचीही दैना आहे. हर्डविकची लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही. कातरायच्या मजुरीइतकेही पैसे पुष्कळदा सुटत नाहीत. आपल्याकडे घोंगडीच्या लोकरीचं जे झालं तेच तिथे. मेंढ्या किती असाव्यात यावरही वाद आहे. जास्त मेंढ्यांनी झाडांची रोपं उगवू दिली नाहीत असं काही जण म्हणतात, तर मेंढ्या गेल्या तर हा मुलूखच राहणार नाही असं मेंढपाळ म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मग डोंगर टिकतो कसा? रोजच्या कामाने. वाटा दुरुस्त करण्यासाठी तिथे पगारी माणसं आहेत आणि श्रमदान करणारेही पुष्कळ आहेत. मोठाले दगड वाटेत घट्ट बसवून पायऱ्या करतात. दलदलीच्या जागी वाटेखाली लोकर पसरून वर माती-खडी घालतात, म्हणजे भाव नसलेल्या लोकरीचाही उपयोग होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम अगदी साधं आहे. वाटेच्या आडवे काढलेले पाण्याचे चर साफ करायचे. खोरं घेऊन डोंगर चढायचा, चरातला गाळ आणि दगड काढायचे आणि उतरायचं. पाऊस झाला की पुन्हा जायचं. या कामाचं उद्घाटन होत नाही, फोटो छापून येत नाही. पण तो चर तुंबला तर एका पावसाळ्यात वाट वाहून जाते. बायांना हे वेगळं सांगायला नको. घरात रोज जे काम करतो ते कुणाला दिसत नाही, न केलं तर मात्र लगेच दिसतं.

२००२ साली ब्रँडलहाऊच्या खरेदीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने तिथे तळ्याकाठी लाकडाचं एक शिल्प ठेवलं आहे. माणसाहून मोठे दोन हात, ओंजळीसारखे जोडलेले. येणारी-जाणारी मुलं त्या ओंजळीत बसतात. मला वाटतं, सगळी गोष्ट त्या ओंजळीत आली. ओंजळीत धरलेलं पाणी आपलं असतं, पण ते मुठीत आवळून ठेवता येत नाही. आणि बोटं सैल सोडली तर उरतही नाही.

मैत्रिणींनो, सगळ्यांचं म्हणून जे असतं त्याचं आपण दोनच तऱ्हांनी वाटोळं झालेलं बघतो. एक तर कोणी तरी एक जण ते गिळतो, नाही तर सगळ्यांचं आहे म्हणून कोणीच बघत नाही. कॅटबेल्सच्या लोकांनी तिसरा रस्ता काढला. थोडे थोडे पैसे एकत्र केले, कागद पक्का केला आणि चर साफ करायला पाळीपाळीने लोक गेले. यातली एकही गोष्ट आपल्याला नवी नाही. दर महिन्याचे शंभर-दोनशे रुपये एकत्र करून काय उभं राहतं, हे आपण बघितलं आहे. फक्त आपण ते आपापल्या घरासाठी केलं. शेळी घेतली, पोरीची फी भरली, छप्पर घातलं, चांगलंच केलं. पण गावात जे सगळ्यांचं आहे, गायरान, पाणवठ्याची वाट, पाणंद, गावाचा डोंगर, त्याची वही कोणाकडे आहे?

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं काढा. आपल्या गावात सगळ्यांच्या म्हणून कोणत्या जागा आहेत, त्यांची नावं म्हाताऱ्या बायांना विचारा आणि वहीत लिहा. मग त्या जागांचे सातबारे काढा. कागदावर किती एकर आहे आणि जमिनीवर किती उरलं आहे ते बघा. तफावत दिसली तर ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून विचारा, एकटीने नको. आणि जिथे काही विचारायची गरज नाही, नुसता एक चर मोकळा करायचा आहे, तिथे एक दिवस खोरी-टोपली घेऊन जा. पोरांनाही बरोबर न्या. हद्द कुठे, पाणी कुठे, हे त्यांना आपल्यामागून चालतच कळणार आहे.

आपापल्या गावच्या जागांची यादी केलीत की रेडिओवर कळवा, आपण ती वाचून दाखवू.